मेव्हिसचा खोकला

९ मार्च १९९७, रविवार

खोकते! मेव्हिस चक्क खोकते — आणि हा माणूस म्हणतो, "कशी सुरेल चाललीय बघ!"

हिवाळाभर आमची ही जुनी गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली होती. आज विल्फने तिला उठवलं. बॉनेट उघडलं, बागेतल्या हिरव्या नळीचा हातभर तुकडा खिळ्यावरून काढला, एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. लग्न झाल्यापासून हा सोहळा बघतेय. मेव्हिसला कार्ब्युरेटर दोन. दोघांनी सारखा श्वास घेतला तर इंजिन गुण्यागोविंदाने चालतं. एकाची सूं मोठी आणि दुसऱ्याची बारीक झाली, की संपलं. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लायनेल बीमिशने त्यासाठी काट्याचं यंत्र आणलंय. विल्फ त्याला हसतो. "देवाने कान दिलेत, काटा कशाला?"

दिले होते खरे. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, खिडकी बंद, रेडिओ चालू — तरी मला ऐकू आलं. फट् फट्... खों! छातीत कफ भरलेल्या म्हाताऱ्यासारखं. विल्फ मात्र शीळ घालत जेवायला आला. शीळसुद्धा बेसूर.

१२ मार्च, बुधवार

मी — "चहा घेतोस?" विल्फ — "अगं, प्लग कालच बदलले."

१६ मार्च, रविवार

प्लग बदलले. पॉइंट घासले. टाकीतलं पेट्रोल काढून ताजं भरलं. आता म्हणतो, पेट्रोलच पूर्वीसारखं राहिलं नाही. चर्चमधले पाद्रीही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणे. बातम्या देणारी बाईसुद्धा पुटपुटते. सगळं जग पुटपुटायला लागलंय, हा एकटा ठणठणीत!

टीव्हीचा आवाज इतका, की शेजारचं कुत्रं आमच्याबरोबर बातम्या ऐकतं.

२२ मार्च, शनिवार

लायनेल आला होता. नवी टोपी, मिशांना तेल, आणि दारात ती त्याची पांढरी गाडी, दात घासायच्या ब्रशने चाकांच्या तारा घासतो म्हणे. क्लबची वसंतातली चढाई ठरली, ११ मे. नेहमीप्रमाणे लडलोहून एंजल बँकचा चढ चढून क्ली हिलच्या माथ्यावर, मग तिथे सँडविच आणि फुशारक्या.

विल्फने मेव्हिस सुरू करून दाखवली. लायनेल कान टवकारून उभा. मग म्हणाला, "विल्फ, म्हातारी खोकते की रे तुझी!"

विल्फ म्हणाला, "हो ना, हवा आज अगदी छान आहे."

लायनेल हसला. माझ्याकडे बघून हसला! चहाची किटली त्याच्या टोपीवर ओतावीशी वाटली. जाताना वर मोठ्याने ओरडून — "कंटाळलास तर मला दे. मी बघेन तिच्याकडे." घरची लेक मागावी तशी मागतोय.

२३ मार्च, रविवार

विल्फ एकटाच तिला घेऊन एंजल बँकवर गेला. परत आला तो ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून. अर्ध्या चढात तिने दम टाकला.

मटण ताटात तसंच. नुसता काटा फिरवत बसला. मग म्हणाला, "म्हातारी झाली ती. मे महिन्यात चढली नाही तर लायनेलला देऊन टाकतो."

छत्तीस वर्षं! आमच्या लग्नाच्या दिवशी चर्चहून त्याच गाडीतून आलो, माझी डोक्यावरची पदराएवढी लांब पांढरी जाळी दाराबाहेर फडफडत होती. ती गेली तर हा माणूस काय करील? खुर्चीत बसून त्या पुटपुटणाऱ्या बाईच्या बातम्या बघील. सहा महिन्यांत म्हातारा होईल. मेव्हिस नव्हे, हा.

२४ मार्च, सोमवार

स्पष्टच सांगितलं. "विल्फ, गाडी ठीक आहे. कान दाखवून ये."

आधी तीनदा "काय?" म्हणाला. मग ऐकू आलं आणि भडकला. "माझे कान ठणठणीत आहेत! तूच नीट बोलत नाहीस!" मी म्हटलं, मग नीट ऐक — आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दार आपटून गेला. त्याला तेही ऐकू गेलं नसेल.

पालथ्या घड्यावर पाणी.

१ एप्रिल, मंगळवार

आजपासून बोल्सचा मोसम. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी विल्फ गावच्या हिरवळीवर गोळे घरंगळवायला जातो. तो कोपऱ्यावरून वळला आणि मी गॅरेजचं कुलूप काढलं.

गंमतच आहे. आजवर मी त्या गाडीत डावीकडेच बसले. शाळेची बस पोरांसकट बर्फातून चालवली मी, पण मेव्हिस नाही! "तुझे पाय पोचत नाहीत, ग्लेनिस." स्वतःच्या बगळ्यासारख्या तंगड्यांसाठी सीट पार मागे सरकवून बोल्ट आवळून ठेवलेत, मग पोचतील कसे?

दारातूनच वाकून इंजिन सुरू केलं. नळी कानाला लावली. पुढचा कार्ब्युरेटर उकळत्या किटलीसारखा फुसफुसत होता, मागचा जेमतेम. साधी गोष्ट! मागच्याचा स्क्रू थोडा पिळला. दोघेही फुसफुसायला लागले. पुढच्याचा उलटा पिळला — फरकच पडेना. पुन्हा मागच्याचा — आणि इंजिन असं गरजलं, असं गरजलं! मी मागे उडी मारली ती तेलाच्या डब्यात. हात दाखवून अवलक्षण.

विल्फ संध्याकाळी नाक वर करून — "पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, गवत कापायचं मशीन साफ केलं. नाक मेलं शाबूत आहे.

३ एप्रिल, गुरुवार

सापडलं! धुणं वाळत घालताना डोक्यात आलं. नळी कानाला लावायच्या आधी विल्फ दरवेळी हात पुढे करतो — "लहान पाना दे." इतकी वर्षं मी तो लहान पाना देतेय आणि कशाला ते कधी विचारलं नाही! दोन्ही कार्ब्युरेटर एका दांडीने जोडलेत. एकाला हलवलं की दुसराही हलणार. नवरा-बायकोच म्हणायची. आधी दांडीवरची पकड ढिली करायची, दोघांना वेगवेगळं ताळ्यावर आणायचं, मग पुन्हा जोडायचं.

पकड ढिली केली. आणि पावसामुळे बोल्सचा खेळ लवकर संपला! गेट वाजलं तेव्हा माझं डोकं बॉनेटखाली. कशीबशी सुटले.

८ एप्रिल, मंगळवार

जमलं! जमलं! जमलं!

पुढचा स्क्रू केसभर, मागचा केसभर. नळी इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि एकदम दोन्हीकडे सारखीच सूं — एकाच माणसाच्या दोन नाकपुड्या असाव्यात तशी. मग पेट्रोल-हवेचं मिश्रण. आतला दट्ट्या किंचित उचलून बघायचा असतो. बारीक स्क्रूड्रायव्हर मिळेना, तर केसातली पिन काढून उचलला. इंजिनाचा आवाज जरासा चढला आणि परत शांत झाला. म्हणजे बरोब्बर!

खोकला गेला. शिवणयंत्रासारखी चालायला लागली. मी गॅरेजमध्ये एकटी नाचले, या वयात, गुडघ्यांची पर्वा न करता. हातांना काळं, गालाला काळं. आरशात बघितलं तर कोण ही बाई? मला ती आवडली.

११ एप्रिल, शुक्रवार

एक पिन हरवलीय.

१३ एप्रिल, रविवार

अरे देवा, या माणसाचं काय करू!

सकाळी विल्फने मेव्हिस सुरू केली. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि थबकला. "आज हाताला वेगळी लागतेय." बराच वेळ तसाच बसला, डोळे मिटून. मला वाटलं, झालं, जिंकलो. तर उठला, नळी घेतली — "अजून थोडी सुधारतो." आणि अर्ध्या तासात खों खों परत!

१५ एप्रिल, मंगळवार

दुरुस्त केली.

२० एप्रिल, रविवार

बिघडवली.

१ मे, गुरुवार

मत देऊन आले आणि थेट गॅरेज. आता डोळे मिटून करते. तो रविवारी विस्कटतो, मी आठवड्यात सावरते. मी काम करावं, शाबासकी त्याला मिळावी, याचं मला काही नाही. खोटं कशाला लिहू — थोडं आहे. पण त्याचा तो रविवारचा चेहरा, ट्रॅक्टरमागून आलेला, तो मला पुन्हा बघायचा नाही.

१० मे, शनिवार

उद्या चढाई. परवा गुपचूप शेवटचा हात फिरवून ठेवलाय. आणि आज हा म्हणतो, "निघायच्या आधी एकदा नीट बसवून घेतो."

मी आधीच नळी लपवली होती. पावाच्या डब्यात!

त्याने खिळा बघितला. बाक बघितलं. बाकाखाली बघितलं. बागेत गेला, आला. "ग्लेनिस, नळी बघितलीस?" मी सिंककडे तोंड करून म्हटलं, "कुठली नळी?" तो दारात उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं — मी धुतलेलीच बशी पुन्हा धुतली. मग म्हणाला, "राहू दे. जशी आहे तशीच नेऊ."

पाव हिरव्या नळीच्या वासाचा झालाय. खाल्ला मुकाट्याने.

११ मे, रविवार

चढली! चढली माझी बाई!!

लडलोपासूनच वारं वेगळं. टप खाली, डोक्याला रुमाल, मांडीवर सँडविचचा डबा. पुढे लायनेलची पांढरी. एंजल बँक सुरू झाला आणि मी सीटची कड धरली. गेल्या वेळी जिथे दम टाकला ते वळण आलं. विल्फने गिअर खाली घेतला. आणि मेव्हिस गायला लागली. खालच्या पट्टीतून वर, आणखी वर, एकदाही आवंढा न गिळता! मेंढ्या माना वर करून बघत होत्या. वरच्या वळणावर लायनेल रस्त्याकडेला. बॉनेट उघडं, वाफेचा ढग, टोपी हातात. मी हात हलवला. चांगला भरपूर हलवला.

विल्फ ओरडत होता, "कशी चाललीय! कशी चाललीय ग्लेनिस!" एका हाताने स्टिअरिंग, दुसरा गिअरच्या दांड्यावर. तळव्याने ऐकत होता तो. डोळ्यांत पाणी, आणि वाऱ्याचं होतं म्हणे.

माथ्यावर सगळे भोवती जमले. लायनेल सगळ्यांत शेवटी आला, लाल होऊन. बॉनेटपाशी वाकला, ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग विल्फच्या कानात ओरडला, "कुठल्या गॅरेजात बसवून आणलीस रे?"

विल्फ चीजचं सँडविच चावत होता. सावकाश गिळलं. "घरीच," म्हणाला.

मी फ्लास्कचं झाकण उगाच उघडलं, उगाच लावलं. लायनेलला मेव्हिस मिळणार नाही. या जन्मी तरी नाही!

१५ मे, गुरुवार

विल्फ बोल्सला निघाला. नळी खिळ्यावर परत लटकवायला मी गॅरेजमध्ये गेले. गेलाच नव्हता! मेव्हिसमध्ये बसला होता — डावीकडे. रविवारचा कोट, भांग पाडलेला. समोर डॅशबोर्डवर माझी हरवलेली पिन.

"कान दाखवायचेत," म्हणाला. "दवाखान्यात वेळ घेतलीय. तू चालव."

मी उजवीकडचं दार उघडलं. बोल्टांना ताजं तेल होतं. सीट पार पुढे सरकवलेली.

बसले. पाय पोचले.