रिकाम्या खोलीचा आवाज

थोरलीच्या आईस,

तुला नमस्कार, थोरलीला आशीर्वाद आणि तिच्या पोरांना पापे.

इथे मी खुशाल आहे, धाकटी लेकही खुशाल आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर बोललो तर ही पोर ऐकेल, म्हणून लिहितो.

लेकीचा पॉडकास्ट सोमवारी सुरू होतोय. रेडिओसारखंच असतं, पण मोबाईलवर हवं तेव्हा ऐकायचं. पहिल्या भागात बॉयलर फुटून मेलेल्या कामगारांच्या बायका बोलणार आहेत. कारखान्याच्या मालकाने दोनदा निरोप धाडला, "ताई, झालं गेलं विसरा की." ही हसते. म्हणते, "बाबा, असल्या धमक्यांना कोण भितं?" मी भितो.

खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्डिंग चालतं. काल शेवटी तिने रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. बोलण्यामधल्या जागा भरायला तो लागतो म्हणे. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. नंतर तिने मला तो हेडफोनवर ऐकवला. त्यात दाराबाहेर कुणीतरी हळूच खाकरलं होतं.

दार उघडलं, तर जिन्यात कोणी नाही. ती म्हणाली, "शेजारचे असतील." शेजारचं घर महिनाभर बंद आहे.

"पोरी, थांब आता," मी म्हटलं.

"मग त्या बायकांना काय सांगू? माझे बाबा घाबरले म्हणून?"

मी उठून दाराची कडी लावली.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. फक्त तिचा मित्र म्हणून कुणी गोड बोलत आला, तर पाणी दे, इथला पत्ता देऊ नकोस. आधीच देऊन बसली असशील, तर उत्तर लिहीत बसू नकोस. लगेच फोन कर.

तुझा,
थोरलीचा बाप