‘मुलांना’ म्हणजे कोणाला?

मंगळवार, ६

वकीलबाईंनी कागद वाचला. सगळा मिळून चार ओळींचा! ‘माझ्या पश्चात खालचं दुकान व वरचं घर माझ्या मुलांना सारखं मिळावं.’ खाली अण्णांची थरथरती सही. साक्षीदार म्हणून शेजारचे शिंपीकाका आणि घरी येणारी नर्स. अक्षर माझं.

ताईने मान डोलावली. तिला वाटलं, झालं काम. उठायलाच लागली होती. तेवढ्यात दादा म्हणाला, “मुलांना. म्हणजे आम्हा दोघा भावांना.”

वकीलबाईंनी कागद पुन्हा वाचला, या वेळी मनात. “लिहिलाय कोणी?”

मी! दुसरं कोण.

बुधवार, ७

सकाळपासून डोक्यात तो एकच शब्द. मुलं म्हणजे लेकरं, सगळीच. “मुलं किती तुम्हाला?” असं कुणी विचारलं की अण्णा “तीन” म्हणायचे. पण शाळेत मुलांची रांग वेगळी आणि मुलींची वेगळी. तिथे मुलं म्हणजे फक्त मुलगे. दोन्ही बरोबर! दादा खोटं बोलत नाही, ताईचंही चुकत नाही.

आणि हे कुणाच्या घरात? चाळीस वर्षं चष्मे करणाऱ्या माणसाच्या! तोंडी ऑर्डर घेतलेली अण्णांना खपायची नाही. “लिहून घे. अर्धा नंबर इकडचा तिकडे झाला तर माणूस पायरी चुकतो.” गिऱ्हाइकाच्या दोन डोळ्यांतलं अंतरसुद्धा दोनदा मोजायचे. स्वतःच्या घराचं मात्र एका शब्दावर सोडून गेले.

वकीलबाई त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दर वेळी नवा चष्मा न्यायला आल्या की सांगायच्या, “मृत्युपत्र करून ठेवा, नावानिशी.” अण्णा हसण्यावारी न्यायचे. “नावातच मृत्यू! मी काय उद्या चाललोय?” आणि वर, “माझी मुलं भांडणारी नाहीत हो.” मग अर्धांगाने डावी बाजू गेली, उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हा धावाधाव. ताई खाली दुकानात होती. मला बोलावलं, ऑर्डरबुकातलं पान फाडायला लावलं. ते बोलले, मी लिहिलं. साक्षीदार सहीपुरते आले.

नेमकं काय बोलले, ते आज लिहीत नाही.

शुक्रवार, ९

दादाचा फोन. आधी तब्येत, मग मुद्दा. “तू लिहिलंस, तूच सांग. मुलांना म्हणजे मुलग्यांना, एवढं लेखी दे. विषय संपला.”

“आणि ताई?”

“तिला कोण हाकलतंय? राहू दे की वर, हवं तितके दिवस.”

हवं तितके दिवस! जिथे ती जन्मापासून राहते तिथे!

मग हळूच म्हणाला, “तिसऱ्या हिश्शात तुझं काय भागणार? अर्ध्यात स्वतःचं घर होईल. किती वर्षं काढणार त्या भाड्याच्या दोन खोल्यांत?”

मी म्हणालो, “बघतो.” माझं अर्धं आयुष्य ‘बघतो’ म्हणण्यात गेलंय.

शनिवार, १०

बायको म्हणाली, “खरं असेल ते सांगून मोकळे व्हा.” आणि भिंतीवरच्या ओलीकडे बघत बसली.

सोमवार, १२

दुकानावर गेलो. कुलूप! दादाने स्वतःचं दुसरं कुलूप घातलंय. “निकाल लागेपर्यंत कुणीच नको.” ताई पायरीवर बसलेली. समोर एक निवृत्त शिक्षिका. त्यांचा चष्मा तयार होऊन आत पडलाय, काचेतून दिसतोय सुद्धा, पण देता येत नाही. बाई डोळे बारीक करून ताईचा चेहरा शोधत होत्या. ताई त्यांची माफी मागत होती. एकोणीस वर्षं ती घासणीच्या चाकावर काचा घासतेय. बोटांची टोकं खरखरीत झालीत. दादाने आणि मी त्या चाकाला कधी हात लावला नाही.

बाई गेल्यावर ताईने विचारलं, “अण्णा नेमकं काय म्हणाले होते रे?”

“घाईत झालं गं सगळं. नीट आठवत नाही.”

“घाईत?” ती हसली. “शुद्धलेखन मी घेतलंय तुझं, शेंडेफळा. एक शब्द लिहायला दहा मिनिटं लावायचास तू.”

मी बुटाची नाडी बांधत बसलो. ती सुटलेली नव्हतीच. ताई म्हणाली, “बरं.” आणि पायरी झाडायला लागली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १४

वकीलबाईंकडे एकटाच गेलो. विचारलं, “समजा, हा कागदच नसता तर?”

“तर तुमची आई नसल्याने तिघांत सारखं झालं असतं. आपोआप.”

म्हणजे कागदाने काही राखलं नाही, उलट ताईचं होतं ते धोक्यात घातलं. आणि कागद माझ्या हातचा!

बाई बोलतच होत्या. अर्धवट मृत्युपत्रासारखं दुखणं नाही. कोर्टात गेलात तर दुकान बंद, बँकेतलं अडकलेलं, वर्षं जातील. तीन नावं, कुणाला काय, ते अमलात कोण आणणार, एवढं लिहिलं असतं की झालं. अर्ध्या तासाचं काम! “लोक म्हणतात, माया असली की कागद कशाला? अहो, माया असते तोवरच कागद करायचा असतो. नंतर कोण ऐकतंय कुणाचं?”

सोमवारी तिघांनी यायचंय. अण्णा काय बोलले ते मी सांगायचं आणि सही करायची. “लिहिणाऱ्याच्या शब्दावर बरंच अवलंबून आहे,” म्हणाल्या.

गुरुवार, १५

घाईत लिहिलं. घाईतच लिहिलं.

शनिवार, १७

दादा घरी आला. फळं घेऊन! खिशात टाइप केलेला कागद. माझं म्हणणं त्याने आधीच तयार करून आणलंय: ‘वडिलांचा उद्देश दोन्ही मुलग्यांना देण्याचा होता.’ फक्त सही बाकी.

“कुऱ्हाडीचा दांडा होऊ नकोस,” म्हणाला. गोतास काळ कोण होतंय, ते मात्र सांगितलं नाही.

दादा काही राक्षस नाही. शाळेत माझ्या वाटचा मार खाल्लाय त्याने, दोनदा. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. जाताना माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “हिच्यासाठी तरी विचार कर.” मला त्याचा राग आला. माझा जास्त आला, कारण मी खरोखर विचार केला. खोल्या मोजल्या. मनातल्या मनात लेकीचं टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवलं!

रविवार, १८

कागदावर सही केली नाही. फाडलाही नाही. तळ्यात-मळ्यात.

ताईला फोन लावला आणि ती “हॅलो” म्हणायच्या आत ठेवून दिला.

सोमवार, १९

सांगितलं!

वकीलबाईंच्या खोलीत मी मध्ये, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला ताई. पाणी प्यायलो. मग एका दमात बोलून टाकलं. “अण्णा ‘तिघांना’ म्हणाले होते. ‘माझ्या तिघांना सारखं.’ ‘मुलांना’ हा शब्द माझा.”

दादा ताडकन उठला. “काल का नाही बोललास? परवा? खिशात कागद घेऊन आलो होतो मी तुझ्या दारात!” मग परत बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेवटी दुसऱ्या कुलपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. तो परत बोलेल की नाही, माहीत नाही.

मी लेखी दिलं, सही केली. वकीलबाईंनी विचारलं, “तिघांना ऐकून मुलांना लिहिलंत. चुकून ना?”

“चुकून.”

ताईला रडू फुटलं. माझा हात घट्ट धरून म्हणाली, “मला माहीत होतं रे, तू मुद्दाम असं करणार नाहीस.”

मंगळवार, २०

चुकून नव्हतं. अण्णा ‘तिघांना’ म्हणाले, तेव्हा पेन थांबलं होतं माझं. दोन्ही अर्थ डोक्यात आले. मग लिहिलं.