माझा राग नाही

९ नोव्हेंबर
रविवार दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तुझंही ठीक असणार.

आधी माफी मागते. सिनेमा लागला त्या दिवसापासून मी तुझ्याशी धड बोललेले नाही. तू फोन केलास की आईच्या हातात देत गेले. ‘ताई कामात आहे’ हे आईचं वाक्य एव्हाना तुला पाठ झालं असेल. कामात होते हे खरं, पण कामात मी कायमच असते. फोनवर तू मला मधेच तोडतोस आणि मेसेजमध्ये माझं म्हणणं मावत नाही. म्हणून कागद घेतलाय.

आईचे गुडघे जसे होते तसेच. काठी आणून दिली, ती दाराआड उभी आहे. म्हणते, “काठी घेतली की लोक उठून जागा देतात, मग मला उगाच म्हातारं वाटतं.” जेवण चांगलं आहे, झोपही. दुपारी रेडिओ ऐकते आणि त्याच्याशी भांडते.

माझ्याकडे एका जाडजूड कादंबरीची प्रुफं आली आहेत. तिच्यातले आजोबा चौथ्या प्रकरणापासून मरताहेत, अजून मेलेले नाहीत. आमचे संपादक म्हणाले, “बाई, मरणाऱ्याची उद्गारचिन्हं अर्धी करा, बाकी त्याचं नशीब.” इतकी वर्षं प्रुफं तपासून एक माझ्या लक्षात आलंय. पुस्तकातली माणसं निरोप घेताना वाक्य पुरं करतात. कुणाला मधेच ढास लागत नाही, कुणी ‘काय म्हणालात?’ असं विचारत नाही, चादर बदलायला कुणी आत येत नाही. मी मान तिरकी करून वाचते त्यावरून आमचा डीटीपीवाला मला छळतो. “मॅडम, ओळ सरळ आहे, तुम्ही वाकड्या आहात.” हसते आणि पुढची ओळ घेते.

सिनेमाच्या कार्यक्रमाचे तुझे पास मिळाले. पाकिटावरची तुझी चिठ्ठीही वाचली: ‘ताई, शनिवारी आईला घेऊन ये. स्टेजवर दोनच मिनिटं बोल. बाबांचे शेवटचे शब्द तुझ्या तोंडून आले तर सभागृह उठून उभं राहील.’

मी येणार नाही. हे एवढं लिहायला मला आठवडा लागला. का येणार नाही हे लिहायला किती लागेल, बघू.

तुझा सिनेमा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शेजारची बाई रडली, तिची सून रडली, आमच्या ऑफिसातला हिशेबनीस दोनदा बघून आला. मीही रडले. पण मी रडत होते ते सिनेमातल्या बापासाठी. तो शाळेतला मास्तर आहे, त्याला पांढरी दाढी आहे आणि मुलगा घर सोडून निघतो तेव्हा तो बसमागे धावतो. आपले बाबा कधी कशामागे धावलेले मला आठवत नाहीत. पहिल्या खेळानंतरच मी तुला विचारलं होतं, बाबांचं चष्म्याचं दुकान सिनेमातून का वगळलंस? तू म्हणालास, “ताई, चष्मेवाला मेला तर कोण रडतं? मास्तर मेला की अख्खा वर्ग रडतो.” मी हसले होते. तुझ्या विनोदाला हसायची मला लहानपणापासूनची खोड आहे.

मग मी विचारलं, बहीण कुठे गेली? तू सरबताचा पेला हातात फिरवत होतास. “पहिल्या खर्ड्यात होती गं. पण पलंगाशी दोघं बसले की बघणाऱ्याला कळत नाही, कुणाकडे बघायचं. एकाला उठवावं लागतं.”

मला उठवलंस.

तेही मी गिळलं असतं. सिनेमा सिनेमा असतो, मी काही अडाणी नाही. पण मग ती टीव्हीवरची मुलाखत. आई समोर मटार सोलत बसली होती, मी उंबऱ्यात हात पुसत उभी. त्या मुलीने तुला विचारलं, “सिनेमातले हे शेवटचे शब्द खरंच तुमच्या वडिलांचे?” तू मान खाली घातलीस, जरा थांबलास (थांबणं तुला छान जमतं) आणि म्हणालास, “हो. ‘माझा राग नाही.’ मी त्यांचा हात धरून बसलो होतो.”

तू कुठे बसला होतास, धाकट्या? तू दोन जिल्हे पलीकडे शूटिंगला होतास. दुसऱ्या दिवशी दुपारी आलास. बूट न काढता आत आलास आणि मी तुझ्यासाठी दूध गरम केलं. हात धरण्यासारखं तेव्हा काही उरलं नव्हतं.

आईचा हात मटारात तसाच थांबला. मला वाटलं, आता ती म्हणेल, खोटं बोलतोय मेला. ती म्हणाली, “किती बरं वाटलं असेल गं त्यांना. धाकटा जवळ होता.”

मी म्हटलं, “आई, तो नव्हता.”

“होता की. पांढऱ्या शर्टात.”

पांढरा शर्ट तुझ्या नटाचा आहे. 

तेव्हापासून ती सगळ्यांना तसंच सांगते. दूधवाल्याला, गुडघ्याच्या डॉक्टरांना, वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला. तिच्या गोष्टीत खिडकीत फुलदाणी आहे, बाहेर पाऊस आहे, ती स्वतः बाबांच्या उशाशी आहे आणि तू पायाशी. मी नाही. मागच्या आठवड्यात वरची मुलगी मला विचारत होती, “तुम्ही तेव्हा गावाला होता का हो?” मी म्हटलं, “नाही, इथेच होते,” आणि पिशवी घेऊन जिना चढले.  दवाखान्याच्या ज्या खोलीत मी चार दिवस खुर्चीवर झोपले, तिथून मला माझ्याच आईने बाहेर काढलं, तुझ्या मदतीने.

इथवर लिहून मी उठले, चहा केला, आईला दिला. परत येऊन वरचं सगळं वाचलं. हे सगळं खरं आहे, पण मला जे लिहायचं आहे ते यात नाही. तू म्हणायचास ना, ताई वहीत दिवसभराचं सगळं लिहिते आणि शेवटी उद्याचं एक काम लिहून वही मिटते, मधलं मुख्य तेवढं गाळते. चेष्टा होती, पण बरोबर होती. आज मुख्य ते लिहिते.

बाबा गेल्याचं सांगायला मी तुला फोन केला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात पाण्याच्या यंत्राला टेकून उभी होते.  तुझ्या मागे सेटवर कुणीतरी हातोडी मारत होतं. मग तू विचारलंस, “बाबा काही म्हणाले का?” आणि लगेच, हळू आवाजात, “माझ्याबद्दल?”

तुझा तो आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता. दुकानाच्या दारात बॅग घेऊन उभा होतास तेव्हा.

मी म्हटलं, “हो. म्हणाले, त्याला सांग, माझा राग नाही.”

धाकट्या, ते शब्द माझे आहेत. बाबांनी ते म्हटले नाहीत. तुझ्याबद्दल त्या सकाळी ते काहीच म्हणाले नाहीत. तू विचारलंस आणि उत्तर द्यायला माझ्याकडे एका श्वासाची सवड होती, तेवढ्यात सुचलं ते मी दिलं. फक्त तुला दिलं. तू रात्री एकटा पडशील तेव्हा जवळ असावं म्हणून. तू ते पोस्टरवर छापलंस. परवा बसच्या मागे वाचलं, हातभर अक्षरांत: ‘माझा राग नाही.’ बस सुटली तरी मी थांब्यावर उभीच. लोकांना वाटलं असेल, बाईची बस चुकली.

हे तुला कधीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. अजूनही वाटतं, पत्र फाडावं. तुझ्याकडून काय काढून घेते आहे हे मला कळतं. पण तू मला त्या खोलीतून उठवून माझ्याच वाक्यावर जाऊन बसलास, आणि आता म्हणतोस, शनिवारी ये आणि ते बाबांचं होतं अशी साक्ष दे. माझ्या एका खोट्याला तू सभागृह भाड्याने घेतलंस. तिथे उभी राहून दुसरं खोटं मी कुठून आणू?

रागावून लिहिते आहे का मी हे? असेल. सूड म्हणून? तीनदा स्वतःला विचारलं. पूर्ण ‘नाही’ म्हणवत नाही. तेही लिहून ठेवते.

मग खरं काय झालं ते सांगायला हवं. सांगण्यासारखं फार नाही. सकाळ होती, चांगलं ऊन होतं. आई तिथे नव्हती. मीच तिला घरी पाठवलं होतं, “जा, आंघोळ करून ये, तेवढ्यात काही होत नाही.” याबद्दल तिने मला आजवर एका शब्दाने बोल लावला नाही, आणि म्हणूनच तुझ्या सिनेमाचा मला पुरता रागही करता येत नाही. मी तिची जी जागा घालवली, ती तू तिला परत दिलीस.

नर्सबाई चादर बदलून गेल्या. रात्री खुर्चीत झोपताना माझा चष्मा अंगाखाली आला होता, एक काडी वाकली होती. बाबांनी डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मी पुढे वाकले. ते म्हणाले, “वाकडा बसलाय. उद्या आण, करून देतो.”

मी म्हटलं, “बरं.” आणि बाटलीत पाणी भरायला गेले. परत आले तेव्हा संपलं होतं.

एवढंच. निरोप नाही, आशीर्वाद नाही. एका गिऱ्हाइकाला सांगावं तसं. या एका वाक्यावर तुला पाच मिनिटांचा प्रसंगसुद्धा लिहिता आला नसता. मी ते कुणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. मधे नंबर बदलला, काचा बदलल्या, फ्रेम तीच ठेवली. दुकानदार म्हणाला, “सरळ करून देऊ का? दोन मिनिटांचं काम.” मी नको म्हटलं. डीटीपीवाला हसतो ती माझी मान तिथून तिरकी आहे.

त्यांचा तुझ्यावर राग होता का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला ते सांगायचे, “धाकटा सिनेमात असतो,” आणि हनुवटी जरा वर जायची. घरी तुझं नाव निघालं की उठून जायचे. दोन्ही मी पाहिलंय. यातलं एक निवडून तुला देणं मी एकदा केलं, आता करणार नाही.

पण काढून घेते आहे, तर एक देते. हे मी पाहिलेलं आहे. तू बॅग घेऊन दारात उभा होतास त्या दिवशी बाबा भिंगाखाली एका फ्रेमचा स्क्रू बसवत होते. तू म्हणालास, “निघतोय.” त्यांनी वर न बघता म्हटलं, “दार लावून घे, धूळ येते.” तू दार आपटून गेलास, इतकं की काउंटरवरचा आरसा हलला. पुढचं तुला माहीत नाही. त्यांच्या हातातून स्क्रू पडला. त्यांच्या हातून काही पडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधत राहिलो. मी म्हटलं, “बाबा, दुसरा लावा ना, डबाभर पडलेत.” ते म्हणाले, “तोच हवा.” दिवे लागेपर्यंत शोधत होते. सापडला नाही.

याचा अर्थ तू लाव. मी एकदा लावला होता, त्याचं पोस्टर झालं.

आता व्यवहाराचं. शनिवारी आई येईल. वरची मुलगी तिला घेऊन येईल, मी सांगून ठेवलंय. तिला पुढच्या रांगेत, जिना चढावा लागणार नाही अशा जागी बसव. तिला मी काहीही सांगणार नाही, तूही सांगू नकोस. तिला तो पांढरा शर्ट राहू दे, खिडकीतला पाऊसही राहू दे. पण तू मात्र पुन्हा कुठे ‘हात धरून बसलो होतो’ म्हणालास, तर इथे एक बाई आहे जी तिथे होती, हे लक्षात ठेवून म्हण. मी काही करणार नाही. कुठे पत्र धाडणार नाही, तुला खोटं पाडणार नाही. फक्त तुला माहीत असेल की मला माहीत आहे. माझ्या हातात तेवढंच आहे.

लगेच फोन करू नकोस. आईशी बोल, रोजच्यासारखा. माझ्याशी बोलायचं असेल तर इकडे ये. बूट काढून ये.

खोकल्याचं औषध वेळेवर घे. टीव्हीवर दोनदा खोकलास, आईच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

तुझी ताई.
आणि माझा राग आहे.

उद्या: चष्मा सरळ करून आणणे.