तुळशीखालची तांब्याची पट्टी

मी, उद्धव रामजी गावडे, वय पंचावन्न, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार मौजे चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. आरंभीच एक गंभीर फिर्याद. माझ्या रेडिओग्रामसाठी खास बसवलेल्या प्लगात धाकटा बंधू हिंदुराव पाटलोणीची इस्त्री लावायचा. विचारलं तर म्हणायचा, "दादा, तुमच्या तारंला लई ताकद हाय. घडी कडक पडती." या गुन्ह्याला कलम कोणते, ते वकिलांनी शोधावे.

१. घर व शिल्लक पत्नी यशोदाबाई हिला मिळावी. संस्कृत पुस्तके शाळेला द्यावीत. हिंदुरावास देऊ नयेत, तो त्यांवर इस्त्री टेकवील.

२. रेडिओग्राम, म्हणजे माझी गाण्याची पेटी, तबकड्या आणि मीटरपासून माजघरापर्यंत त्याच्यासाठीच ओढलेली स्वतंत्र तार, हेही यशोदाबाईला. पूर्वी विहिरीची मोटर सुरू झाली की वीज कमी पडून तबकडीवर गाणारी बाई म्हशीसारखी रेकायची, म्हणून भोसरीच्या भिमाजी वायरमनकडून वेगळा फ्यूज घालून ही तार घेतली. दादानं पेटीला सोवळं नेसवलंय, असं हिंदुराव गावभर सांगत फिरला. फिरू दे. यशोदाबाईचे कान आता जवळजवळ गेले आहेत. ती पेटीवर तळहात ठेवून गाणं ऐकते, आणि तबकडी संपत आली की माझ्याआधी तिला कळतं.

३. अंगण वाटणीत हिंदुरावाकडे गेलं. भिमाजीनं या तारेचं अर्थिंग तिथल्या तुळशीवृंदावनाखाली पुरलं होतं: तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. यंत्रातून वीज गळली तर ती जमिनीत उतरावी म्हणून हे करतात, आणि त्याला माती कायम ओली लागते. माझ्या वाट्याला सगळा कातळ. बारा महिने ओली जागा एकच, कारण तुळशीला यशोदाबाई रोज पाणी घाली.

गेल्या साली हिंदुरावानं पिंपरीच्या कामगारांना भाड्यानं द्यायला अंगणात खोल्या काढल्या. तुळस आडवी आली. मुहूर्त पाहून, भटजी बोलावून ती ओसरीवर सिमेंटच्या कुंडीत नेली. भटजींचे उच्चार अशुद्ध होते, तेही मी पोटात घातलं. पट्टीला मात्र कोणी मुहूर्त काढला नाही. ती तिथेच राहिली आणि वर कोबा झाला. पाण्यासाठी भोक ठेव, असं मी बजावलं होतं. "व्हय" म्हणाला, आणि डास होतात म्हणून तेही बुजवलं.

उन्हाळ्यात खालची माती सुकली. एके दिवशी पेटीच्या लोखंडी जाळीला माझा हात लागला आणि मी भिंतीवर आदळलो. हिंदुरावाला म्हटलं, कोबा फोड. तो म्हणाला, "भाडेकरू आत्ताच आल्यात दादा, अंगण उकरलं तर काय म्हनतील? वहिनीला चप्पल घालून बसवा की गाण्याला."

ज्या वहिनीनं याला लहानपणी न्हाऊमाखू घातलं, आणि जिनं जन्मात घरात चप्पल घातली नाही, तिच्याविषयी हे बोलणं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. हे कलम त्याला मोठ्यानं वाचून दाखवावे, आणि भाडेकरूंनाही बोलवावे.

४. विहिरीतला माझा अर्धा हिस्सा, ज्यावर त्याचा डोळा आहे, हिंदुरावास मिळावा. पण कोबा फोडून पट्टी पुन्हा ओल्या मातीत आहे, अशी भिमाजीनं खात्री दिल्यावरच. तोवर हिस्सा यशोदाबाईचा.

५. फ्यूज काढून मी भिमाजीच्या हवाली केला आहे. पेटी बिघडली, असं यशोदाबाईला खुणांनी सांगितलं. तरी तुळशीला पाणी घालून ती रोज सकाळी येते आणि गप्प पेटीवर हात ठेवून बसते. माझी छाती आता फार दिवस साथ देईलसं दिसत नाही. मी गेल्यावर तिला तशी बसलेली पाहून कोणाला तरी, बहुधा हिंदुरावालाच, तिची कणव येईल. तो फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा पिळून गाणं लावून देईल. तिचे हात ओले असतील. मागून कोणी ओरडलं तरी तिला ऐकू जाणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

सही: उद्धव रामजी गावडे
आमच्यासमक्ष सही केली: मारुतराव काळभोर, सोनबा वाल्हेकर
मुक्काम चिंचवड, ता. ९ जून १९५८