रुमालाखालचा भाव

आश्विन वद्य, गुरुवार. बीड

आज बाजारात माझ्या सीताफळांचा सौदा निघाला. दलालानं अन् व्यापाऱ्यानं हातावर रुमाल टाकला आणि खाली बोटं दाबून भाव ठरवू लागले. मालक मी, अन् बघत उभा. दरवर्षी असाच उभा राहतो. का म्हणून? मी सरळ त्या रुमालाखाली हात घातला.

"येडा झाला का रं?" दलाल ओरडला.

"माल माझा हाय. माझ्या हाताला बी कळू द्या."

व्यापारी तडक उठून गेला. सगळ्या पाट्या परत घरी आणल्या. फळांचे डोळे उघडलेत, उद्या मऊ पडतील. पडू देत! सकाळीच चौसाळ्याच्या रस्त्याला बसतो अन् भाव बोंबलून सांगतो. माझा रुमाल? तो डोक्याला बांधीन.