धाकट्याचं लायसन

आप्पा, तुमच्या धाकट्याला परत पकडलं. दारू पिऊन गाडी चालवताना, बमरोलीच्या रस्त्यावर, भरदुपारी. तुम्ही गेलात तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता तो इच्छापोरच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायांची व्हॅन चालवतो, म्हणजे चालवायचा. पोलिसांनी थांबवलं तेव्हा व्हॅन रिकामी होती. बायांना सोडून येत होतास की आणायला निघाला होतास, असं मी त्याला विचारलं. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

तुम्हीही कधीमधी घ्यायचात, हे काय मला माहीत नाही? गुजरातेत दारूबंदी तेव्हाही होती आणि दारू मिळायचीही तेव्हा. एका लग्नाहून तुम्ही भेस्तानपासून पायी आलात तो दिवस आठवतो. आई कळण्याची भाकर थापतेय, धाकटा झोळीत झोपलाय, तुम्ही दारात चपला काढताय, पाय धुळीने भरलेले. आई विचारते, "टेम्पो कुठे?" "मांडवापाशी राहू दिला. सकाळी आणतो." "घरची गाडी असून पायी? लोक हसतील." "हसू दे. हसायला तरी उरतील." मी खुदकन हसले, तर तुम्ही माझ्यावरच ओरडलात, "दात काढू नको, पाणी दे." एवढंच. पुढे तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, आणि झोळीतल्याला ते कळायचं काही कारण नव्हतं.

पहिल्यांदा पकडला तेव्हा भावजय माझ्याकडे धावत आली. "ताई, कानबाई तुमचं ऐकते. नवस बोला." मी बोलले. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, घरी आला. श्रावणात कानबाईच्या नैवेद्याचे रोट केले, त्याने देवीपुढे न पिण्याची शपथ घेतली, आणि सगळे म्हणाले, देवीने मिटवलं. आपल्या लोकांचं हे असंच, आप्पा. देवीचं देणं फिटलं की सरकारचंही फिटलं असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं.

या वेळी वकीलबाईंकडे मी त्याच्यासोबत गेले. तो खुर्चीत रेलून म्हणतो, "मागच्यासारखं कबूल करू, पावती फाडू, सुटू." मी देवीपुढच्या शपथेचं सांगितलं, तेव्हा वकीलबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बेन, माताजीए माफ कर्युं हशे, पण कोर्टमां तो लखेलुं छे." देवीने माफ केलं तरी कोर्टात ते लिहिलेलं राहतं, हे त्यांनी मग नीट समजावलं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. दुसऱ्यांदा तोच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार, नाहीतर दोन्ही. मागे केलेली कबुलीच आता त्याच्या विरोधात उभी राहणार. शिवाय लायसन जाऊ शकतं, आणि आपल्याकडे नुसतं पिण्याचीही वेगळी केस होते. तेव्हा कुठे तो सरळ बसला. बाहेर आल्यावर रस्त्यातच माझ्यावर भडकला. "मी काय चोर शे का, ताई? कोनले ठोकं का मी?"

"अजून नाही," मी म्हणाले.

तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. भावजय मात्र तारखेच्या आदल्या दिवशी आली, पदराने डोळे पुसत. "ताई, लायसन वाचू द्या. आमचं पोट त्याच्यावर आहे. तेवढं देवीला सांगा." खोटं नाही बोलली ती. मी तिच्यासमोर दिवा लावला, हातात तांदूळ घेतले, डोळे मिटले. व्हॅनमधल्या बाया मला दिसत होत्या. त्यातली एक आमच्याच गल्लीतली आहे. सकाळी डबा काखेत धरून उभी असते, मला "जय श्रीकृष्ण" म्हणते.

कैद टळली. दंड झाला, आणि लायसन गेलं. धाकटा आता कापडाच्या गोदामात ताके उचलतो, पाठ दुखते म्हणून कुरकुरतो. पगार कमी येतो. भावजयीला भाजी घेताना हात आखडता घ्यावा लागतो. मी माझ्याकडून जमेल ते धान्य पाठवते. आता बोलतो माझ्याशी, पण तोंड वाकडं करूनच.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि घरात ठेवायची सोय नाही, भावजय येऊन-जाऊन असते. उद्या दूध तापवताना गॅसवर धरीन. कोर्टातून आलो त्या संध्याकाळी मी देवीपुढे नारळ फोडला. भावजय म्हणाली, "कैद टळली म्हणून ना, ताई?" मी हो म्हणाले आणि तिच्या हातावर खोबरं ठेवलं. नवस लायसन जाण्याचा होता, आप्पा.