काचेआडची पत्रं

नाशिक,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. योगिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

दुपारचे तीन वाजलेत आणि मी कागद घेऊन बसले आहे. वेदिका हसते. हाताशी मोबाइल असताना आई आणि मावशी कागदावर एवढं काय लिहितात, हे माझ्या डॉक्टर लेकीला अजून कळलेलं नाही. बोर्डिंगमध्ये सात वर्षं सिस्टर बर्था रविवारी याच वेळी आपल्याला लांब बाकांवर बसवायच्या आणि घरी पत्र लिहून होईपर्यंत खेळायला सोडायच्या नाहीत, हे तिला सांगून काय समजणार? त्या आपली पत्रं वाचायच्या आणि मगच पाकीट चिकटवायच्या. म्हणून आपणही शहाण्या मुलींसारखं दर आठवड्याला तेच लिहायचो. जेवण छान, झोप छान, आम्ही मजेत.

तू नवी गाय घेतलीस आणि तिचं नाव बर्था ठेवलंस, हे रोहितकडून ऐकलं. वर सिस्टरना कळलं असेल तर त्यांनी नक्की छातीवर क्रुसाची खूण केली असेल. साठी ओलांडलेल्या दोन निवृत्त मास्तरांनी गाय कशाला पाळावी, असं तुझ्या कोंडाजीरावांना माझ्या वतीने विचार. घराजवळच्या द्वारका चौकातले हॉर्न ऐकून कंटाळले की मी खिडकी लावून घेते आणि तुमच्या ओटीवरून दिसणारा डोंगर आठवते. मग जरा निवांत वाटतं.

रोहित शनिवारी पेठला येईल, तेव्हा हे पत्र देईल. कोंडाजीरावांचा अंबडच्या कंपनीतला पुतण्या आपला पोस्टमन झाला आहे. त्याला लाडू दे.

आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी,
ताई


पेठ,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. रोहितने लाडू चार खाल्ले आणि दोन न्यायला डब्यात भरून ठेवलेत.

बर्था चालते अगदी सिस्टरसारखी, संथ, आणि आपण काही चुकलो की तिरप्या नजरेने बघते. आमच्याकडे कामाला येणारी चिमणाबाई तिला बर्ताबाई म्हणते. बाजारातून आणली तेव्हा बिचारीच्या कानांत आणि शेपटीखाली गोचिडी नुसत्या लगडल्या होत्या. सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही दुपारी मी तिच्यापाशी बसून एकेक ओढून काढली आणि दगडावर नखाने चिरडली. चिमणाबाई म्हणत होती, बाई, लय घाण हाय ते, हातानं नका करू, निखाऱ्यात टाका. पण टचकन फुटायच्या त्याची मला गंमत वाटत होती. उन्हात बसून काम करताना इतकं बरं वाटलं, जणू मला दुसरं कुठे जायचंच नव्हतं.

आज पडदे ओढून बसले आहे. उजेड फार मोठा वाटतो. समोरची भिंत जरा मागे सरकते आणि परत येते. त्याचं वाईट वाटत नाही, नावेत बसल्यासारखं वाटतं. दुपारी डोळा लागला तर दोन वेण्यांच्या मुली अंगणातून ओळीने जाताना दिसल्या. तू पुढे होतीस. मी हाक मारली, पण तू वळली नाहीस. कंबर धरली आहे, वाकून बसल्यामुळे असेल.

बाकी छान. भूक छान, झोप छान. हे नागली काढायला शेतावर गेले आहेत. खाली कोपऱ्यात डाग पडला आहे तो चहाचा, त्याकडे बघू नकोस.

माझ्यावर रागावू नये, एवढा लोभ असावा.

तुझी,
योगिनी


नाशिक,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. योगिनीस,
अ. उ. आ.

तू आता माझ्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहेस आणि तरी मी पत्र लिहिते आहे. नर्स तेजल हे तुला वाचून दाखवेल.

तू काल ग्लानीत होतीस, म्हणून काय झालं ते सांगते. सोमवारी सकाळी रोहित पत्र देऊन गेला. मी वाचलं, घडी घातली, तेवढ्यात वेदिका ड्यूटीवरून आली. मी कौतुकाने पत्र तिच्या पुढ्यात धरलं. तिने डाग पाहिला आणि म्हणाली, आई, चहा असा वाळत नाही. मग तिने सगळं पत्र वाचलं. गोचिडींच्या ओळीपाशी थांबली आणि तिचा चेहरा उतरला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला, मला साबणाने दोनदा हात धुवायला लावले, आणि तिने कोंडाजीरावांना फोन केला. त्यांना रडू आलं गं. गुरुवारपासून ताप, दोन दिवस नाकातून रक्त, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त. आणि ताईला सांगायचं नाही अशी तू त्यांना शपथ घातलेली.

संध्याकाळपर्यंत गाडी तुला घाट ओलांडून इथल्या हॉस्पिटलात घेऊन आली. रक्त तपासायला पुण्याला गेलं आहे. मी तो कागद हाताळला म्हणून मला चौदा दिवस घरातच राहायचं आहे, दोन वेळा ताप मोजायचा आहे. कोंडाजीराव, चिमणाबाई, रोहित यांनाही तेच.

मी रागावले आहे. सिस्टर बर्था जाऊन तीस वर्षं झाली. आता तुझी पत्रं माझ्याशिवाय कोण वाचतं?

बरी हो. बाकी काही मागत नाही.

ताई


नाशिक,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. योगिनीस,
अ. उ. आ.

पुण्याहून रिपोर्ट आला. काँगो ताप म्हणतात. नाव ऐकल्यावर मला भूगोलाचा तास आठवला. नकाशावरची ती हिरवी जागा आणि मधून गेलेली निळी वळणं. तू तिथे छोटं जहाज काढलं होतंस, म्हणून वर्गाबाहेर उभी राहिली होतीस.

वेदिकाने मला सोपं करून सांगितलं. हा विषाणू गोचिडींत राहतो. जनावराच्या रक्तातही थोडे दिवस असतो, पण जनावराला काही होत नाही. बर्था मजेत रवंथ करते आहे. माणसात शिरला की रक्त गोठायचं विसरतं आणि बारीक शिरांतून झिरपू लागतं. चावली नाही तरी चिरडलेल्या गोचिडीचं रक्त नखाजवळच्या चिरेतून आत जातं. ढोरांचे डॉक्टर येऊन गोठ्यात फवारणी करून गेले. चिमणाबाईने त्यांना सांगितलं म्हणे, म्या आधीच बोलली व्हती, पण शिकल्याली माणसं आयकत नाय.

तुझ्या प्लेटलेट्स चौदा हजारांवर आल्या आहेत. वेदिका म्हणते पुढचे तीन दिवस महत्त्वाचे. ती डॉक्टरसारखं बोलते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडते.

तेजल सांगत होती, शुद्धीवर असलीस की तू कागद मागतेस आणि लिहीत बसतेस. पण त्या खोलीत गेलेलं काहीही बाहेर येत नाही. सगळं पिशवीत बांधून जाळतात. तेव्हा तुझं उत्तर मला मिळणार नाही.

योगू, आपली आई गेली तेव्हा आपण बोर्डिंगमध्ये होतो. तिच्या शेवटच्या पत्रात काय होतं, आठवतं? लिंबाचं लोणचं घातलंय, मी अगदी बरी आहे. त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा आपल्याला न्यायला आले. ते लोणचं मी आजवर खाऊ शकले नाही. मला तसं दुसरं पत्र नको आहे. दुखत असेल तर दुखतंय असं लिही. मला वाचता येणार नाही, तरी लिही.

आज इथे फार शांत आहे. चौकातले आवाजसुद्धा कापसातून आल्यासारखे येतात. ताप मोजला, नाही. मी दिवसभर त्या काचेचा विचार करते, जिच्यापलीकडे तू आहेस.

माझ्या वाट्याची सगळी माया आत पाठवते आहे. ती बाहेर नाही आली तरी चालेल.

तुझी,
ताई


पेठ,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आठ दिवस झाले. अक्षर वाकडं आहे, बोटांत अजून जोर नाही. केस मूठभर गळतात. ओटीपासून गोठ्यापर्यंत जायला दोनदा बसावं लागतं. चिमणाबाई मागे उभी राहते, आणि मी गाईकडे हात नेला की मास्तरांना हाक मारते. मास्तर म्हणजे हे. त्यांनी माझ्यासाठी रबरी मोजे आणि लांब चिमटा आणला आहे. गाय विकायची नाही असं मी सांगितलं. तिला औषध चोळण्याचं काम मात्र आता त्यांचं.

तू फोनवर विचारलंस, आत मी काय लिहीत होते. तेजल म्हणाली की कागद पंचवीस-तीस तरी असतील. माझ्या डोळ्यांदेखत लाल पिशवीत गेले. ताई, मला फारसं आठवत नाही. खोलीत पाणी भरल्यासारखं वाटायचं आणि तेजल त्या पांढऱ्या पोशाखात तळातून चालत यायची. कधी ती सिस्टर बर्था असायची. पण घंटा न वाजवता कागद द्यायची, आणि वाचायची नाही. बरीचशी पत्रं आईला होती, एवढं आठवतं. तिला लिहिलं की बोर्डिंगच्या वरणात किडे असतात. ताई रात्री उशीत तोंड खुपसून रडते आणि तिला वाटतं की मला कळत नाही. तू बरी नाहीस हे आम्हाला सांग, आम्ही घरी येतो. सगळं लिहिलं. ते वाचायला कुणीच नव्हतं, म्हणून लिहिता आलं असेल.

ते कागद जळाले याचं वाईट वाटत नाही. पण तुला लिहिलेलं एक होतं, ते तरी पोचायला हवं होतं. त्यात काय होतं ते आज परत लिहिते.

मला भीती वाटते. संध्याकाळी दात घासताना मी आधी डोळे मिटते, मग बेसिनमध्ये बघते. ह्यांना सांगितलेलं नाही. वेदिका म्हणते आता धोका नाही, मला ते कळतं, तरी मी डोळे मिटते. रोहित शनिवारी निघेल, त्याच्याबरोबर ये. चार दिवसांसाठी नको, तुझ्या स्वेटरसकट ये, इथे थंडी पडली आहे.

तुझा लोभ मागायला मी एवढी वर्षं संकोचत होते. आता हक्काने मागते.

तुझी,
योगिनी